ते 'लोक' म्हणजे कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात आजवर मी जे काही बोलले असेन ते सतरंज्या कुठून आणायच्या आणि चहाला दूध किती लागेल एवढ्यापुरतेच. दरवर्षी आपण या दिवशी बाहेरच्या विदुषी बोलावतो. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि विषयही तिनेच निवडावा. मी विषय घेतला 'लोक काय म्हणतील?' घरी सांगितले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, यावर बोलायला तुला वेळ पुरायचा नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. या वाक्याशी माझी ओळख त्याच्या जन्माच्या फार आधीची आहे.

आपण हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा कुणी हिशेब ठेवत नाही. सकाळी मुलगी केस मोकळे सोडून निघाली की ते तोंडात येते. पाहुण्यांपुढे रोजचीच ताटे मांडली की येते. बारशाला अमक्यांना बोलावले नाही, सून माहेरी चार दिवस जास्त राहिली, मुलाने शिकून सवरून दुकान टाकले, पंचावन्नाव्या वर्षी एखादी बाई सायकल शिकायला निघाली, की आलेच. पुष्कळदा आपल्याला त्या गोष्टीत स्वतःला काही वाईट दिसत नसते. मुलीचे मोकळे केस आपल्याला छानच दिसतात. पण तसे म्हणायच्या आत ते दुसरे वाक्य बाहेर पडते.

शाळेत असताना आम्हाला व्याकरण शिकवायला एक करड्या बाई होत्या. वाक्यातला कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारावा, असे त्यांनी सांगितले होते. बाकीचे व्याकरण विसरले, एवढे राहिले. म्हणून मी या वाक्याला तोच प्रश्न विचारला. म्हणतील, पण कोण म्हणतील? एका प्रसंगी तर मी चक्क बोटांवर मोजले. तो प्रसंग पुढे सांगते. मोजून झाले तेव्हा हाताची दोन बोटे उरली होती! एवढा मोठा गावगाडा, एवढ्या गल्ल्या, एवढी मतदारयादी, आणि ज्यांच्या धाकाने आम्ही रात्रभर झोपलो नव्हतो ती माणसे आठ. त्या आठांत पुरुष दोनच. उरलेल्या सहाजणी आपल्यासारख्याच, कुणाच्या काकू, कुणाच्या मावशी, कुणाच्या शेजारीण.

हे ऐकून कुणी रागावू नये. पुरुष मंडळी अगदी धुतल्या तांदळासारखी असतात असे मला म्हणायचे नाही. पुष्कळ रूढी त्यांच्याच सोयीच्या आहेत. पण रूढीची राखण करायला घरात, ओट्यावर, नळाच्या रांगेत जी उभी असते ती बहुधा बाईच असते. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. आपल्या वाचनालयात आहे, जिने वाचले नसेल तिने जरूर न्यावे. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना अक्षरओळखीपासून शिकवायला सुरुवात केली. नवराच शिकवतो आहे म्हटल्यावर बाहेरच्या कुणी अडवायचा प्रश्न नव्हता. तरी त्या शिकण्याचा खरा जाच कुणी केला? घरातल्याच बायकांनी. टोमणे त्यांचे, अबोला त्यांचा. मला ते वाचताना फार नवल वाटले नाही. कारण त्या बायका काही दुष्ट नव्हत्या. त्यांना स्वतःला जे मिळाले नव्हते ते या पोरीला मिळताना त्या बघत होत्या, आणि शिवाय त्यांनाही कुणाच्या तरी म्हणण्याची भीती होतीच. प्रत्येकीच्या पाठीमागे आणखी एक 'लोक' उभे असते.

आणि मोठ्या माणसांनाही हे 'लोक' चुकले नाहीत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढे ग्रामण्य झाले, आणि पुढे खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढा विद्वान, एवढ्या अधिकाराचा माणूस, आणि विषय काय तर कपभर चहा! तेव्हा आपल्यासारखीला भीती वाटली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता घरचीच गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेऊन सांगते आहे. त्या आज इथे आल्या आहेत, पण कुठे बसल्या आहेत ते मी दाखवणार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे थोरले दीर गेले. ते दिवस आपल्या सर्वांच्या ध्यानात आहेत. माणसे जमायला बंदी होती. खांदा द्यायला घरची चार माणसेसुद्धा जाऊ शकली नाहीत. परंतु दहाव्या दिवशी जाऊबाईंच्या बांगड्या फोडायला दोघीजणी मागच्या दाराने आल्याच. तोंडाला मुसके बांधून आल्या होत्या. जाऊबाई मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "बांगड्या माझ्या आहेत. मी काढून ठेवते. फोडायच्या कशाला?" आणि एकेक काढून त्यांनी त्या डब्यात ठेवल्या. मंगळसूत्रही काढून ठेवले. कपाळाची टिकली मात्र तशीच ठेवली.

आलेल्या बायका सासूबाईंकडे बघू लागल्या. सासूबाई स्वतः कितीतरी वर्षे आधी विधवा झालेल्या. त्यांचे कपाळ मी सून म्हणून आले तेव्हापासून मोकळेच पाहिले आहे. सर्वांना वाटले, आता त्या सुनेला दोन शब्द सुनावतील. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिला विचारा."

यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आलेल्या दोघी थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या.

दिरांची पिठाची गिरणी होती हे तुम्हाला ठाऊक आहे. गिरणीवर कर्ज होते. मुलगी कॉलेजात, मुलगा आठवीत. पंधराव्या दिवशी जाऊबाईंनी गिरणीचे दार उघडले. दगडाला टाकी मारायला येणाऱ्या माणसाला बोलावून घेतले, मोटारीचा पट्टा बदलला आणि स्वतः दळायला उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, निदान महिना तरी जाऊ द्यायचा. कर्जाचा हप्ता महिनाभर थांबेल काय, असे मात्र कुणी विचारले नाही. दळणाचा डबा उचलताना बायका त्यांच्या कपाळाकडे बघत. एकीने तर विचारलेच की, टिकली कुणासाठी? जाऊबाई म्हणाल्या, "मी पाळण्यात होते तेव्हा माझ्या आईने लावली. तेव्हा कुणासाठी होती?" हे उत्तर त्यांनी आधी ठरवून ठेवले होते असे नाही. तोंडावर आले आणि बोलल्या. रात्री घरी येऊन मात्र पुष्कळ रडल्या. मी शेजारी बसले होते. हे मुद्दाम सांगते, कारण अशा बायांच्या गोष्टी ऐकताना आपल्याला वाटते की त्या कुठल्या तरी वेगळ्या मातीच्या असतील. तसे नसते. उत्तर दिले म्हणजे लागत नाही असे नाही.

आणि त्याची किंमतही पडली. तीनएक महिने गिरणीवरचे दळण कमी झाले. काही घरांनी डबे दुसरीकडे नेले. पुढे हळूहळू परत आणले. त्यांचे मत बदलले म्हणून आणले असा माझा समज नाही. ज्वारी आमच्या गिरणीवर चांगली बारीक दळून मिळते, आणि दुसरीकडच्या पिठाची भाकरी थापताना चिरत होती, म्हणून आणले. भाकरीपुढे पुष्कळ तत्त्वे नरम पडतात. कारण काही असो, डबे परत आले हे खरे.

तर आता ते बोटांवर मोजण्याचे. २०२४ साली पुतणीचे लग्न ठरले. पहिली हळद कुणी लावायची असा प्रश्न निघाला. घरात मी आणि आमचे हे असे जोडपे होतोच, तेव्हा आम्हीच पुढे होऊन सगळे करायचे हे सर्वांनी गृहीत धरले होते. जाऊबाई एके रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोरीला हळद मी लावणार. तिचे जावळ मी सांभाळले, तिचा ताप मी काढला, तिला कॉलेजात मी पाठवले. माझ्या हाताला काय झाले आहे?" मी म्हटले, काहीच झालेले नाही. पण झोप कुणालाच आली नाही. मांडवात कुणी काही बोलले तर? मुलाकडच्यांनी मनात धरले तर? अपशकुन म्हणून पुढे जन्मभर पोरीला ऐकवले तर? तेव्हा मी अंथरुणात उठून बसले आणि मोजले, की आमच्याकडून आणि त्यांच्याकडून मिळून नक्की कोण कोण बोलेल. आठ भरले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईलाच जाऊन विचारले. तिने आधी थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "आमच्यात असं नाही कधी झालं. पण आईने लेकीला हळद लावली म्हणून वाईट कसं होईल?" गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही, तुमच्या घरात ठरवा." म्हणजे ज्यांची खरी भीती बाळगायची ती दोन ठिकाणे अर्ध्या दिवसात मोकळी झाली. आठांपैकी तिघीजणी हळदीला आल्या नाहीत. लग्नाला मात्र जेवायला आल्या.

पण यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हळद जाऊबाईंनी लावली, ओटी त्यांनी भरली. कन्यादानाची वेळ आली तेव्हा मी म्हटले, "तेही तुम्हीच करा." तर म्हणाल्या, "नको. पाटावर शेजारची जागा रिकामी बघून मला बसवणार नाही. ते तुम्ही दोघांनी करा." काही तरुण मुलींना हे पटले नाही. एवढे केले, मग इथे का माघार, असे त्यांना वाटले. मला ती माघार वाटत नाही. हळद लावावी असे त्यांना आतून वाटले, ती त्यांनी लावली. पाटावर एकटीने बसावेसे वाटले नाही, त्या बसल्या नाहीत. आपल्या मनाप्रमाणे वागणे म्हणजे जुने जेवढे आहे तेवढे सारे उलटे करणे, असे एकदा ठरले की तोही एक नियमच होतो, आणि त्या नियमाचे निराळे 'लोक' तयार होतात.

आणि सासूबाई? त्यांना नातीने हाताला धरून पुढे आणले आणि म्हणाली, "आजी, तूही कुंकू लावून घे." त्या म्हणाल्या, "मला नको गं. मला आता सवय नाही राहिली. मी अक्षता टाकते." कुणी आग्रह केला नाही. त्यांनी अक्षता टाकल्या.

एकाच घरात सासू आणि सून, दोघी विधवा, दोघींचे वागणे दोन तऱ्हांचे. यातले खरे कुठले, असे मला एकीने विचारले होते. यावर मला पुण्याजवळच्या हिंगण्याच्या दोन सख्ख्या बहिणी आठवतात.

पहिल्या म्हणजे गोदूबाई जोशी. लहानपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तिथे त्या शिकायला गेल्या. पुढे १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया कर्वे झाल्या. त्या काळी हे किती कठीण होते ते काय सांगावे. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या घरी मुलगा सुनेला घेऊन आनंदाने जायचा, तिथे जाण्याने आईवडिलांनाच त्रास, अशी स्थिती. पुढे बायांनी आपली हकीकत 'माझे पुराण' या पुस्तकात सांगितली. त्यांच्या बोलण्यात कुठे आव नाही. आपल्यातली एखादी बाई बोलावी तसे ते पुस्तक आहे.

दुसऱ्या बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही तरुणपणी विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. सख्ख्या बहिणीने पुनर्विवाह केलेला, मेहुणे विधवाविवाहाचे एवढे पुरस्कर्ते. म्हणजे त्यांच्या बाबतीत आजूबाजूच्या माणसांचीच अपेक्षा उलटी असणार, की तुम्हीही लग्न करा. पार्वतीबाईंनी नाही म्हटले. त्यांनी लग्न केले नाही. कर्व्यांच्या आश्रमाच्या कामाला वाहून घेतले. विधवेच्याच वेषात गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी वर्गणी मिळवली. केशवपन त्यांचे झालेले होते, आणि ते सोडायचे तेव्हा त्यांनी स्वतः विचार करून सोडले, बहिणीने सोडले म्हणून नाही. १९१८ साली ही बाई अमेरिकेला गेली. इंग्रजी धड येत नसताना गेली, आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिली. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र. आपल्या मंडळाने या दोन्ही बहिणींची पुस्तके शेजारी शेजारी ठेवावीत असे मला वाटते. एकीने लग्न केले, एकीने नाही केले, आणि दोघींनी एकाच आश्रमासाठी जन्म घालवला. दोघींत थोर कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

तसेच लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे 'स्मृतिचित्रे' आपण मंडळात मोठ्याने वाचले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. पण त्यात केवढी धीराची गोष्ट आहे बघा. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पतीच्या मागोमाग पत्नीने जावे, अशी आपली रीत. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. त्यांना ते पटले नव्हते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या तरी धर्म लगेच बदलला नाही. आणि स्वतःला पटले तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी मग नातलग काय म्हणतील म्हणून थांबल्या नाहीत. नवरा सांगतो म्हणून हो नाही, आणि नातलग अडवतात म्हणून नाही नाही. आपण कुठल्याही धर्माच्या असू, एवढे त्यांच्याकडून घेता येते. सावित्रीबाईंचे नाव तर दर ३ जानेवारीला आपण घेतोच, त्यांच्याविषयी मी आज वेगळे काही सांगत नाही.

एक शंका मला पुष्कळदा विचारतात, ती इथेच बोलून घेते. मग काय, लोकांचे काहीच ऐकू नये? मनाला येईल तसे वागावे? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर आपण सगळ्यांनी सोसला. तेव्हा मला ज्या घराच्या गच्चीवर जागा मिळाली, ते घर एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणाऱ्या बाईंचे होते. तिच्या त्या सवयीमुळेच तिला ठाऊक होते की आमच्या घरात सासूबाई चालू शकत नाहीत, आणि तिने आधी त्यांनाच उचलून न्यायला मुलगा पाठवला. शेजाऱ्यांची नजर नुसती जाच करत नाही, राखणही करते. सांडपाणी शेजारच्या दारात सोडावे की नाही, रात्री अकराला कर्णा वाजवावा की नाही, हे लोकांना विचारूनच ठरवले पाहिजे. कारण त्याचा त्रास लोकांना होतो. पण माझ्या जाऊबाईंच्या टिकलीने कुणाच्या घरात पाणी शिरते? माझ्यापुरती मी ही खूण ठेवली आहे. ज्यात दुसऱ्याला इजा आहे ते विचारून, ज्यात नाही ते आपल्या मनाला विचारून. कधी कधी ही खूणही पुरत नाही, विशेषतः लग्नखर्चाच्या बाबतीत, कारण तिथे कर्ज नवऱ्याच्या डोक्यावर आणि हौस दहाजणांची असते. त्यावर खरे तर वेगळे भाषण होईल. आज तो विषय काढला तर कार्यक्रम लांबेल.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तुमच्यापैकी काहींचे तिथे माहेर आहे. त्या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद. वर्तमानपत्रात ते वाचले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "एक वर्ष उशीर झाला बघ." त्याच महिन्याच्या १७ तारखेला सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे सांगितले. ठराव झाला म्हणजे सगळे झाले असे नाही. कागद भिंतीला आणि रूढी माणसाच्या जिभेला चिकटलेली असते. पण त्या ठरावाची मला एक गोष्ट फार आवडली. आजवर एकटी बाई एकीकडे आणि गाव दुसरीकडे असे होते. त्या दिवशी गाव तिच्या बाजूला येऊन बसले. म्हणजे जे 'लोक' काय म्हणतील म्हणून ती भीत होती, ते लोक एकत्र बसले आणि म्हणाले, आम्ही काही म्हणणार नाही.

मग माझ्या मनात आले, की हे आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. आपले मंडळ म्हणजे तरी काय? सात-आठ गल्ल्यांतल्या बायका. या गावात एखाद्या बाईने म्हटले, 'लोक काय म्हणतील', तर तिच्या मनातले निम्मे लोक या सतरंजीवर बसलेले असतात. आपण नाही म्हणालो तर ते लोक निम्म्याने कमी होतील.

म्हणून आता मुद्द्याची गोष्ट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते, आणि आपल्या मंडळाचेही होते. पूर्वी आपण आमंत्रणात 'सवाष्ण भगिनींना' असे लिहीत होतो. काही वर्षांपूर्वी त्याऐवजी 'तिळगूळ समारंभ, सर्व भगिनींना आमंत्रण' असे लिहायला लागलो. ही सुधारणा ज्यांनी केली त्यांचे मी कौतुक करते. तेव्हा तीही सोपी नव्हती. पण समारंभात काय होते ते मागच्या रांगेत बसून बघा. तबक घेऊन एकजण ओळीने हळदकुंकू लावत येते. लावत लावत ती एका बाईपाशी येते, क्षणभर थांबते, आणि पुढच्या बाईकडे वळते. मग मागून दुसरी येते आणि त्या मधल्या बाईच्या हातावर तिळगूळ आणि वाण ठेवते. तिळगूळ सर्वांना सारखाच मिळतो. वाणही सारखे. पण ते क्षणभर थांबून वळणे मी पाहिले आहे, आणि ज्या बाईपाशी ते थांबले तिने आधीच मान खाली घालून पर्समध्ये काही तरी शोधायला सुरुवात केलेली असते तेही पाहिले आहे. अशा आमच्या मंडळात एकवीस सभासद आहेत. त्यांपैकी किती जणी येतात? गेल्या जानेवारीत सहा आल्या होत्या. बाकीच्यांनी कामे सांगितली. कुणाच्या नातवाला बरे नव्हते, कुणाकडे पाहुणे होते. दरवर्षी त्याच दिवशी एवढ्या घरांत पाहुणे कसे येतात?

मी कार्यकारिणीपुढे लेखी सूचना ठेवली आहे, आणि आज ती सर्वांना सांगते. तबक प्रत्येकीपुढे धरावे. सरळ, न थांबता, एकीपुढे धरले तसे दुसरीपुढे. जिला लावून घ्यायचे ती कपाळ पुढे करील. जिला नको ती हात जोडील, मग ती विधवा असो, सवाष्ण असो, लग्न न केलेली असो, किंवा आपल्या मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनी असोत. हात जोडणारीला 'का गं' म्हणून विचारायचे नाही, आणि पुढे करणारीकडे वळून बघायचे नाही. सूचना एवढीच आहे. खर्च काही नाही.

या सूचनेला विरोध आहे हे मला माहीत आहे. एका वडीलधाऱ्या बाईंनी मला घरी बोलावून सांगितले की, "तू म्हणतेस ते ठीक आहे, पण आमच्या मनाला ते बोचतं गं, आम्ही असंच बघत आलो." त्यांनी हे तोंडावर सांगितले याचा मला आनंद झाला. ज्यांच्या मनाला बोचते त्यांनी तसे जरूर म्हणावे. फक्त 'लोकांना बोचेल' असे म्हणू नये. 'मला बोचते' असे म्हणावे. मग बोलता येते, चहा घेता घेता दोन वर्षे बोलता येते. लोकांना बोचते म्हटले की कुणाशी बोलायचे तेच कळत नाही.

सूचनेवर येत्या मासिक सभेत मतदान आहे. ती पडली तर पुढच्या वर्षी मी पुन्हा मांडीन. आणि यंदा मंडळाचे तबक फिरवायची पाळी आमच्या गल्लीची आहे, एवढे जाता जाता सांगून ठेवते. सासूबाईंनी समारंभाला यायचे कबूल केले आहे. त्या म्हणाल्या आहेत, "माझ्यापुढे धर, मी हात जोडीन." जाऊबाई काय करतील ते त्यांनी मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही.